वॅगन चिंचेखाली गेली

अंबरनाथ पूर्वेला रंगाच्या कारखान्याकडे जाणारा एकेरी रूळ होता. अठ्ठ्याऐंशी साली त्यावर एकच वॅगन उभी होती. बिनभिंतींची, चपटी. आदल्या चैत्रात ती आली, तिच्यावरचा माल उतरला, आणि तिला परत न्यायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. कारखान्याचा माल आता ट्रकनं यायचा. रेल्वेचं पत्र आलं होतं, की वर्षभरात या रुळावर काही हललं नाही तर पाहणी करून रूळ काढण्यात येईल.

पत्र वाचून गावात लगेच दोन समित्या झाल्या.

सायकलमार्ग समितीचे अध्यक्ष चिंतामणराव, कारखान्यातले निवृत्त अधिकारी. रुळाच्या जागी झाडांच्या सावलीतून सायकलींचा रस्ता व्हावा आणि गावाची पोटं उतरावीत, हा त्यांचा ध्यास. बैठक त्यांच्या अंगणात भरे, तेव्हा अंगणात अकरा स्कूटर उभ्या असत. रूळ बचाव समितीचे अध्यक्ष उल्हासनगरचे जयदेवशेठ. "साईं, रूळ म्हणजे गावाची आई. आईला कोण भंगारात देतो काय?" असं ते डोळ्यांत पाणी आणून विचारत. कारखान्याचा माल वाहणारे सातही ट्रक त्यांचेच होते.

रुळाशीही संबंध आणि सायकलशीही, असा माणूस साऱ्या पंचक्रोशीत एकच होता. हिंदुराव फाटकवाला. पालेगावच्या रस्त्यावरचं फाटक त्याच्याकडे. बावीस वर्षं तो खरवईहून सायकल मारत येत होता, शेवटचा मैलभर रुळाच्या कडेकडेनं. त्याला कुठल्याच समितीनं काही विचारलं नव्हतं.

रूळ गेला की फाटक जाणार, आणि हिंदुरावाची बदली दौंडच्याही पलीकडे. खरवईत त्याच्या बायकोनं, विठानं, दोन खोल्या आणि दोन म्हशी उभ्या केल्या होत्या.

"अन् म्हशींचा पास काढती का तुमची रेल्वे?" ती विचारायची.

हिंदुराव बोलायचा फक्त कीर्तनात, आणि तेही झांजेनं. बदलापूरच्या कुमुदिनीताई आमच्या रामनवरात्रात कीर्तनाला उभ्या राहिल्या, की त्यांच्यामागे झांज धरावी ती हिंदुरावानंच. त्यांनी ओळ अर्धी सोडायची आणि झांजेनं ती अलगद झेलायची. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ती झांज दौंडपलीकडे गेली तर आमचं नवरात्र मुकंच होणार होतं.

त्या वर्षी रामनवमीच्या आदल्या दिवशीचं कीर्तन आपल्याच अंगणात व्हावं, असा चिंतामणरावांचा हट्ट. जयदेवशेठ म्हणाले, माझ्या गोडाऊनमध्ये. कुमुदिनीताईंनी दोघांनाही हात जोडले.

"मी कोणाच्याच दारात उभी राहणार नाही. ती वॅगन रिकामी आहे ना? तिच्यावर गादी घाला."

वॅगन कडुनिंबाखाली होती. चार वाजता कीर्तन सुरू झालं. पूर्वरंगात ताईंनी मध्येच थांबून विचारलं, "नारदाच्या गादीसमोर खोटं बोलायचं नाही हं. आज सायकलवर कोण कोण आलं?"

ताईंच्या मागून झांजेसकट एक हात वर झाला.

"बरं, या रुळावर पोट कोणाचं?"

पुन्हा तोच हात. मंडळी खो खो हसली. चिंतामणराव सदऱ्याची बटणं तपासू लागले. जयदेवशेठनी मोठ्यांदा "वा वा" केलं.

हार-बुक्का झाला आणि उत्तररंगात सेतुबंधनाचं आख्यान लागलं. वानर शिळा आणतायत, समुद्र गर्जतोय, आणि नेमकं कडुनिंबाची सावली सरकून ऊन ताईंच्या थेट तोंडावर आलं. चैत्रातलं ऊन! आता आख्यान लागल्यावर गादी काही सोडता येत नाही. चिंतामणराव ओरडले, "छत्री आणा रे!"

ताई सूर न मोडता म्हणाल्या, "रामरायासाठी वानरांनी डोंगर हलवले. तुम्हाला एक डबा चिंचेखाली नेता येईना?"

चिंच फाटकाच्या पलीकडे, चाळीस पावलांवर. चिंतामणराव समितीचे असतील-नसतील, भाविक मात्र शंभर टक्के. चाकांखालच्या लाकडी पाचरी त्यांनी स्वतः उपसल्या. "सियावर रामचंद्र की जय!" म्हणत साठ-सत्तर माणसं वॅगनला भिडली. जयदेवशेठ खांदा लावून ओरडत होते, "हां साईं, और जोर से!" वर्षभराचा गंज करकरला आणि वॅगन पेटी-तबल्यासकट हलली.

"ओ, थांबा! हुकूम नाही आलेला!" हिंदुराव ओरडला. कोण ऐकतंय? पुढे रस्ता, आणि फाटक सताड उघडं. फाटक उघडं असताना बावीस वर्षांत त्यानं रुळावरून काही जाऊ दिलं नव्हतं. झांज गळ्यात तशीच टाकून त्यानं खाली उडी मारली, धावत जाऊन फाटक पाडलं, घंटा वाजवली आणि हिरवी झेंडी ताठ धरून उभा राहिला.

बंद फाटकाशी रस्त्यावर एक जीप येऊन थांबली. तीत पाहणीला आलेले कल्याणचे रेल्वेचे साहेब. त्यांच्या समोरून वॅगन गेली. वर नऊवारीतल्या ताई सेतू बांधतायत, आणि मागून सायकलमार्ग समितीचे अध्यक्ष घामानं निथळत ढकलतायत.

साहेबांनी बूट काढले आणि चिंचेखाली येऊन बसले. आरती झाली, वाटली डाळ आणि पन्हं हातात आलं, मग त्यांनी हिंदुरावाला बोलावलं.

"वॅगन चालली, हे मी बघितलं. माल काय होता?"

हिंदुराव गादीकडे बघत म्हणाला, "कीर्तन, साहेब."

"वजन?"

हिंदुरावानं ताईंकडे पाहिलं आणि तेवढं मात्र सांगितलं नाही. साहेब हसले. त्यांनी कागदावर लिहिलं आणि वाचून दाखवलं, 'रूळ वापरात. फाटक चोख.'

पन्ह्याच्या दुसऱ्या पेल्याला चिंतामणरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो ताई, म्हणजे मी स्वतःच..."

"रामकार्य झालं हो," ताई म्हणाल्या, "आणि पोटही उतरलं थोडं. पुढच्या चैत्रात वॅगन परत कडुनिंबाखाली न्यायचीय, लक्षात ठेवा."

चिंतामणराव तिरीमिरीत रुळाकडे गेले. तिथली जमीन आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नीट पाहिली. रुळाच्या कडेनं वीतभर रुंद, टणक, गुळगुळीत पायवाट लांबवर गेली होती.

"हा रस्ता कधी झाला?"

मागून सायकलची घंटी वाजली.

"बावीस वर्षं होतोय, साहेब," हिंदुराव म्हणाला. "जरा बाजूला होता का? म्हशींच्या धारेची वेळ झाली."