उठलेल्याची आई

दगडखाणीवरची माणसं बारा गावचं पाणी पिऊन आलेली. कुणी डोंगराकडचे, कुणी समुद्राकाठचे, कुणी सपाटीवरचे. दगड फोडायची रीत सगळ्यांची एकच, पण मेलेल्या माणसाला भ्यायची रीत ज्याची त्याची वेगळी. थडग्यातून उठून जिवंतांचं रक्त पिणाऱ्याला डोंगराकडचे ‘उठलेला’ म्हणत. तो म्हणे आधी आपल्याच घरच्यांच्या छातीवर येऊन बसतो. समुद्राकाठच्यांचा ‘ओला’ दारात उभा राहून नावानं हाक मारी. ओ दिली की माणूस संपला. सपाटीवरच्यांचा ‘पिणारा’ तर थडग्यातून हलतही नसे, पडल्या पडल्या लांबूनच रक्त ओढी.

“तुमच्याकडचं भूतसुद्धा आळशी,” असं डोंगरवाले सपाटीवाल्यांना चिडवत आणि सगळे हसत.

शिंपिणीचा नवरा गेला, त्यानंतर मात्र हसण्यावारी नेणं थांबलं.

शिंपीण खाणीतल्या माणसांचे जाड कापडाचे डगले शिवायची. नवरा सुरुंगासाठी खडकात भोकं पाडायचा. ‘धुळीचा खोकला आहे, जाईल’ असं म्हणत त्यानं कधी तपासून घेतलं नाही, आणि वाळत वाळत तोच गेला. त्याच्यामागून त्याचा धाकटा भाऊ खोकायला लागला. मग चिमणी. चिमणी म्हणजे शिंपिणीची एकुलती एक मुलगी. दिवसभर बडबडणारी पोर आता भिंतीला टेकून बसून राहायची.

खाणीवर येणाऱ्या नर्सबाईनं स्पष्ट सांगितलं होतं, “क्षय आहे. एकाचा दुसऱ्याला लागतो. औषधानं बरा होतो, फक्त औषध मध्येच सोडायचं नाही. दोघांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.”

शिंपिणीनं जायची तयारी सुरू केली. एवढ्यात सासूनं घोळ घातला. म्हातारी समुद्राकाठची. नळावर पाणी भरता भरता ती कुणाला तरी म्हणाली, “काल माझ्या लेकानं दारातून हाक मारली. ‘आई’ म्हणाला.” नळावर बोललेली गोष्ट खाणीच्या भोंग्यापेक्षा लवकर पसरते. संध्याकाळी मुकादम घरी आला. मागे दीर होता, मान खाली घालून.

मुकादम डोंगराकडचा, मोठ्या मिशांचा आणि मनानं वाईट नव्हे. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. “वहिनी, राग मानू नका. पण घरात एकामागून एक माणूस झुरतंय. आम्ही रविवारी सकाळी थडगं उघडणार. काय असेल ते उजेडात बघू आणि बंदोबस्त करू.”

“कसला बंदोबस्त?”

मुकादम मिशीवरून हात फिरवत राहिला. उत्तर दिरानं दिलं. “सपाटीवरचे म्हणतात, काळीज जाळायचं. त्याची राख आजाऱ्याला पाण्यातून दिली की उतार पडतो.”

“भाऊजी, तुमच्या सख्ख्या भावाचं काळीज?”

“वहिनी, मला जगायचंय.” त्याचा आवाज फाटला आणि खोकल्याची उबळ आली.

शिंपिणीला त्याचा राग येईना. ज्याचं जळतं त्याला कळतं. “मग माझ्याबरोबर दवाखान्यात चला,” ती म्हणाली. “सोमवारी खाणीचा ट्रक शहरात जातोय. मी चिमणीला नेणारच आहे.”

“दवाखान्यात गेलेला परत आलेला मी तरी पाहिला नाही.”

“आणि राख प्यायलेला पाहिलाय?”

तो वळला आणि मुकादमाच्या मागोमाग निघून गेला. शिंपिणीनं दार लावलं, पण अडसर घालताना तिचा हात थबकला. तिला भीती वाटत नव्हती असं मुळीच नाही. नवरा गेल्यापासून पत्रा वाजला तरी ती दचकून उठायची. पण तिनं त्या माणसाशी संसार केला होता. ताटातली शेवटची भाकरी बायकोकडे सरकवून ‘पोट भरलंय’ म्हणणारा माणूस. तो आलाच, तर पोरीच्या अंगावर पांघरूण घालून जाईल. रक्त कसला पितोय? राख चिमणीच्या ओठाला लागू द्यायची नाही आणि नवऱ्याला फावडं लागू द्यायचं नाही, हे तिनं तिथंच पक्कं केलं.

रविवारी उजाडताच तिनं चिमणीला सासूपाशी बसवलं, हातानं चालवायचं शिलाई मशीन डोक्यावर घेतलं, काखेत कापडाचा गठ्ठा मारला आणि खाणीमागच्या दफनभूमीत गेली. नवऱ्याच्या थडग्यावरची माती अजून खचायची होती. तिनं त्यावर पोतं अंथरलं, मांडी घातली, मशीन समोर ओढलं आणि डगला शिवायला घेतला.

फावडी घेऊन माणसं आली, तेव्हा एक बाही जोडून झाली होती.

“वहिनी, उठा,” मुकादम म्हणाला.

“काम संपलं की उठते.”

“कधी संपेल?”

“तुमच्या सगळ्यांचे डगले फाटायचे थांबले की.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुकादमानं वळून डोळे वटारले. बाईमाणसाच्या अंगाला हात लावायचा कसा, हा पेच होताच. तेवढ्यात शिंपिणीनं चाक थांबवून विचारलं, “बरं, उघडलंत थडगं. पुढं काय करणार, तेवढं तरी ऐकू द्या.”

“छातीत लोखंडी पहार,” मुकादम म्हणाला. “दुसरा उपाय नाही.”

“पहार कशाला?” सपाटीवरचा एक जण पुढे झाला. “पहार मारली की काळीज फुटलं. मग जाळणार काय?”

“अहो, मुळात पहार नाही आणि जाळणंही नाही,” समुद्राकाठच्या लोहारानं दोघांना आडवं घेतलं. “पालथा करायचा आणि तोंडात दगड. ओल्याला जाळायला गेलात तर तो धुरातून वस्तीभर पसरेल!”

झालं. प्रत्येकानं आपलंच घोडं पुढं दामटलं. कुणाच्या आजोबांनी कसा पुरावा पाहिला होता आणि कुणाच्या गावात चुकीच्या उपायानं कसा अनर्थ झाला होता, याच्या गोष्टी सुरू झाल्या. मुकादमाचा आवाज चढला. शिंपिणीनं दुसरी बाही जोडायला घेतली. मशीन खडखडत राहिलं.

“वहिनींना उचला!” शेवटी मुकादम ओरडला. “आधी माती काढू, उपायाचं मग बघू.”

दोघे जण पुढे आले. शिंपिणीनं मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“थांबा!”

सासू आली होती. चिमणी तिच्या कडेवर, म्हातारीला धाप लागलेली. माणसं बाजूला झाली. हाक ऐकलेली तीच. आता तिच्याच तोंडून निकाल ऐकायला सगळ्यांनी कान टवकारले.

म्हातारीनं पोरीला खाली उतरवलं आणि मुकादमाकडे पाहिलं. “हाक कुणी ऐकली?”

“तुम्हीच ना, आजी.”

“मग निवाडाही मीच करणार. आमच्या समुद्राकाठी ओला आईला हाक मारतो, तेव्हा त्याला फक्त आईच परत पाठवते. तिनं दारात उभं राहून सांगायचं, ‘बाळा, तुझं झालं, आता जा.’ आई जिवंत असताना दुसऱ्यानं थडग्याला फावडं लावलं, तर ओला त्या फावडेवाल्याच्या घरी जातो.” तिनं एकेकाकडे बोट केलं. “मी आज पहाटे सांगितलंय. तो गेलाय. आता कुणाला हात लावायचाय?”

फावडी जमिनीकडे झुकली. आपल्याच मुलखातल्या म्हातारीला खोटं पाडायची लोहाराची छाती झाली नाही. मुकादम फावडं खांद्यावर टाकत म्हणाला, “आईनं सांगितलंय म्हटल्यावर...” आणि वळला. बाकीचे त्याच्यामागून, अजून वाद घालत, उतरणीला लागले.

दीर तेवढा मागे राहिला. शिंपिणीनं त्याच्याकडे पाहिलं. “ट्रक सकाळी निघतो, भाऊजी.” तो खोकत उतरणीला लागला.

घरी परतताना मशीनचं एक टोक सासूनं धरलं होतं. शिंपिणीला राहवेना. “आई, खरंच तुमच्याकडे असं असतं?”

“आतापर्यंत नव्हतं,” म्हातारी म्हणाली. “आता आहे.”

“आणि हाक?”

म्हातारी चालायची थांबली. तिचे डोळे भरून आले. “हाक मी ऐकली गं. रोज ऐकते. आईला ऐकू येणारच. पण म्हणून माझ्या पोराला चिरायचं का?” तिनं पदरानं नाक पुसलं. “चल, धर नीट. तुझं मशीन आहे का खाणीतली धोंड?”

सोमवारी ट्रकमध्ये चिमणी आणि शिंपीण चढल्या. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, दोनदा वाजवला. ट्रक हलल्यावर दीर पळत आला. खोकत, एका हातात चपला. शिंपिणीनं फळीवरून वाकून त्याचं मनगट पकडलं आणि वर ओढून घेतलं.

औषधं कडू होती आणि संपता संपत नव्हती. चिमणीनं गोळ्या उशीखाली लपवल्या, शिव्याही शिकली. दीर एकदा दवाखान्यातून पळाला. शिंपीण त्याला बसथांब्यावरून हाताला धरून परत घेऊन आली. सगळ्यांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली, की पुन्हा तो वॉर्डाच्या दारापर्यंतही गेला नाही. शिंपीण मध्ये वस्तीवर आली, तेव्हा नर्सबाईनं म्हातारीला आणि तिलाही तपासून घ्यायला लावलं; मुकादमाच्या घरातही एक खोकणारं माणूस निघालं. मुकादमानं मुकाट्यानं त्याला ट्रकमध्ये बसवलं आणि जाताना शिंपिणीला म्हणाला, “तिथं कुणाला भेटायचं तेवढं सांगा.”

चिमणी बरी झाली. दीरही वाचला, पण एक फुप्फुस कमजोरच राहिलं. खडक फोडणं त्याला आता झेपत नाही. तो खाणीच्या फाटकावर आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघतो. कुणी नवा कामगार खोकत फाटकाशी आला, की दीर त्याची वाट अडवतो आणि नर्सबाईच्या खोलीकडे बोट करतो. माणूस कुरकुरला, तर फाटक उघडत नाही.