वितळलेल्या सॉर्बेचा फेस

ब्राह्मीनं पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला तो थर्माकोलचा डबा छातीशी धरून. तिच्या आईची, सुरेखाबाईंची, नजर मुलाच्या आधी त्या डब्यावर गेली.

सांगलीजवळच्या गावात पायगोंडा पाटलांची द्राक्षबाग होती, बेदाण्याचा व्यापार होता. घर जुन्या वळणाचं नव्हतं, पण रीत जुनी होती. पाणी गाळल्याशिवाय हंड्यात पडत नसे, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली असत. मुलगी ब्राह्मी अन्नप्रक्रियेचं शिकली आणि पाचगणीला स्ट्रॉबेरीच्या कारखान्यात लागली. तिथंच वाईचा हा निमिष भेटला. घाट चढून गेल्यावर पाचगणीच्या बाजारात त्याचं सॉर्बेचं दुकान होतं.

"सॉर्बे म्हंजे आइस्क्रीमच की," पायगोंडा म्हणाले.

"नाही काका, ह्यात दूध नसतं." निमिषनं डबा उघडला. लालभडक गोळे वाट्यांत पडले. "खरं सांगायचं तर हे आपलं सरबतच. अरबी भाषेत पिणं अशा अर्थाचा शब्द होता, त्यातून हे नाव आलं. इराणातून आपल्याकडं आलं आणि तुर्कांकडून इटलीत गेलं. तिथं त्याचं सॉर्बेत्तो झालं, फ्रान्समध्ये सॉर्बे. आधी लोक ते पीतच होते, डोंगरावरचा बर्फ आणून गार करायचे. पुढं कळलं की बर्फात मीठ टाकलं की गारवा वाढतो. मग प्यायचं सरबत गोठून चमच्यानं खायचं झालं."

"आपल्या जत्रंतल्या पॉटच्या आइस्क्रीमवानी!" पायगोंडांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळेच मिटले. "आयला, लय भारी हाय गं हे! जिभंवर ठेवलं की गेलं."

सुरेखाबाईंनी वाटी हातात घेतली, पण चमचा उचलला नाही. दूध नाही, साय नाही, आणि तरी लोण्यासारखं मऊ? पाण्याचा बर्फ असा कसा होईल? शिवाय ते नाव. गावोगाव नाव बदलत हिंडणारा माणूस आपण दारात उभा करत नाही, मग हे पोटात कसं घ्यायचं? मुलगाही गोड बोलत होता, आणि गोड बोलणाऱ्याचं बाईंना पहिल्यापासून वावडं होतं.

"माझा दात दुखतोय," त्या म्हणाल्या आणि वाटी आत घेऊन गेल्या.

निमिष गेल्यावर त्यांनी ती वाटी पाहिली. सॉर्बे वितळून तांबडं पाणी झालं होतं, आणि वर रिठ्याच्या पाण्यासारखा पांढरट फेस धरला होता. वाटी आत ठेवल्यावर लगेच त्यांनी मोबाइलवर ते नाव शोधून पाहिलं होतं. एका व्हिडिओत कुणी परदेशी आचारी अंड्यातलं पांढरं घुसळून घुसळून त्याचा असाच फेस करत होता, आणि तो फळाच्या रसात मिसळत होता. सॉर्बे मऊ व्हायला म्हणून.

नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. पायगोंडांनी दोन वाट्या संपवल्या होत्या आणि मुलगा पसंत म्हणून भावकीत फोन लावत बसले होते. ब्राह्मीला फोनवर विचारलं तर ती हसली. "आई, मी असताना अंडं कसं घालतील? काहीतरीच तुझं."

पोरीच्या हसण्यानं संशय वाढलाच. प्रेमात पडलेल्या पोरीला समोरचं दिसत नाही. आणि दिसलंच, तरी ती आईला सांगेलच असं नाही.

त्या आठवड्यातच साताऱ्याच्या बहिणीला, भाग्यश्रीला, बघून येते असं सांगून सुरेखाबाई निघाल्या. बहिणीकडं एक रात्र राहिल्या आणि सकाळी तिला पाचगणीला लेकीकडं जाते म्हणाल्या. लेकीला मात्र कळवलं नाही. वाईपासून एसटी पसरणीचा घाट चढू लागली तसा त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. आयुष्यात त्यांनी कधी कुणाच्या घरात चोरून डोकावलं नव्हतं.

दुकान लहानसंच होतं. बाहेर दोन बाकडी, आत काचेच्या पेटीत रंगीत डबे, आणि मागच्या दाराला फुलाफुलांचा पडदा. गल्ल्यावर एक साठीच्या बाई फोनवर बोलत होत्या, "निमिष, कप संपत आलेत, येताना आण." तेच धारदार नाक, तीच हनुवटी. ही मुलाची आई शरयू, हे बाईंनी ओळखलं. शरयूबाईंनी मात्र त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"स्ट्रॉबेरी देऊ? आजच केलंय."

"द्या." सुरेखाबाई आतल्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. "ह्यात काय काय घालता वो?"

"फळ, साखर, पाणी, लिंबू."

"मध?"

"घालायचो पूर्वी. आता बंद."

"आन् अंडं?"

शरयूबाईंनी चमच्यावरून मान वर केली. "कुठल्या तुम्ही?"

"कडेगावाकडच्या," सुरेखाबाई म्हणाल्या. खोटं बोलताना जीभ जड झाली. "सहलीला आलोय. बाकीची मंडळी टेबललँडवर गेल्यात."

"अंडंही बंद. घालत होतो की, जुन्या पद्धतीत पांढरं घालतातच. पण आमची होणारी सून जैन आहे. आली आणि म्हणाली, अंडं नको, मध नको. मुलानं मान हलवली, झालं." कप पुढ्यात ठेवून शरयूबाई समोरच बसल्या. ऐकायला अनोळखी माणूस मिळालं की मन मोकळं होतं, तसं त्यांचं झालं. "मुलगी गुणी आहे हो. पण मला भीती वाटते. आज अंडं गेलं, उद्या कांदा, परवा बटाटा. संध्याकाळ झाली की मी जेवायचं नाही का? तिची आई तर म्हणे फार कडक आहे. आमचा निमिष एवढं सॉर्बे घेऊन गेला, तर दात दुखतोय म्हणून शिवलीसुद्धा नाही. अशा बाईच्या मनात काय असेल, कोण जाणे."

सुरेखाबाईंचे कान तापले. ह्या बाईच्या लेकावर आपण सांगलीत बसून संशय घेत होतो, आणि ही इथं बसून आपल्यावर! तेवढ्यात वाऱ्यानं पडदा हलला. मागच्या खोलीत ओट्यावर अंड्यांचा ट्रे होता.

"बंद केलंय म्हणता, मग त्ये काय हाय?"

शरयूबाईंनी मागं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "सून यायच्या आत सकाळी एखादा केक करते मी. वरच्या बंगल्यातली पारशी आजी माझ्या केकशिवाय वाढदिवस करत नाही. इतक्या वर्षांचा हात आहे, असा सुटतो होय? कुणाला बोलू नका."

"अंडं फेटायचं यंत्र येगळं हाय?"

"एकच आहे. स्वच्छ धुऊन ठेवते."

"आन् सॉर्बेचा गर त्यातच फिरवता?"

"हो. का?"

सुरेखाबाईंनी कप बाजूला सारला. त्यांच्या डोळ्यांपुढं दोन वाट्या चाटून पुसून खाणारे पायगोंडा आले. आपला संशय खरा ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती नुसती भीती. आता हे लेकीला कसं सांगायचं?

सांगायची वेळच आली नाही. बाहेर मोटारसायकल थांबली. स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन निमिष आणि ब्राह्मी आत आले, आणि ब्राह्मी दारातच थबकली.

"आई? तू इथं?"

शरयूबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "म्हणजे कडेगाव वगैरे सगळं खोटं. चोरून तपासायला आलात तुम्ही!"

"व्हय, आले. आन् आले त्येच बरं झालं." सुरेखाबाईही उठल्या. "इचारा तुमच्या लेकाला. अंड्याच्या यंत्रात घुसळलेलं आमच्या घरात घिऊन आला. त्ये बिचारं माणूस दोन वाट्या खाऊन बसलंय!"

"आई, काय म्हणतायत त्या?" निमिषनं पडदा बाजूला केला. ट्रे दिसला. त्याच्या हातातली पेटी तशीच राहिली. "तू मला बंद केलं म्हणालीस."

"तू मला विचारलंस का, बंद करू का म्हणून?" शरयूबाईंचा आवाज फुटला. "तू शाळेत होतास तेव्हा हे दुकान माझ्या केकवर उभं राहिलं. सॉर्बे तर तू काल आणलंस. एक दिवस येऊन सांगितलंत दोघांनी, उद्यापासून नाही. जशी मी इथली नोकरच."

ब्राह्मी रडवेली झाली होती. "काकू, मला वाटलं तुम्हाला चालेल. आणि आई, तू खोटं बोलून आलीस? माझ्यावर एवढाही विश्वास नाही तुझा?"

कुणी कुणाकडं पाहीना. बाहेरून एक गिऱ्हाईक आत डोकावलं आणि तसंच परत गेलं.

सुरेखाबाईंना लेकीची बाजू घ्यायची होती. घाट चढताना तेच ठरवून आल्या होत्या: पोरीला हाताला धरायचं आणि घरी न्यायचं. पण शरयूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि ते पाहून त्यांना ठरवलेलं काही बोलताच येईना. आपल्या ओट्यावर येऊन उद्या कुणी सांगितलं असतं की शेंगांची पोळी करायची बंद, तर आपण काय केलं असतं? त्यांना नीट माहीत होतं आपण काय केलं असतं.

"ब्राह्मे," त्या म्हणाल्या, "तू इचारलंस का त्यास्नी?"

"आई, तू माझ्या बाजूची आहेस का त्यांच्या?"

"आपलं व्रत आपल्या ताटापुरतं असतंय बाई. दुसऱ्याच्या चुलीवर पाणी वतायला कुणी सांगितलं तुला? मी सांगितलं? तुझ्या बानं सांगितलं?" मग त्या शरयूबाईंकडं वळल्या. "तुमी केक करा. खुशाल करा. पर लपवून करू नका, आन् यंत्र येगळं घ्या. लपवलं की माणसाला भ्या वाटतंय वो. मी काय तुमच्या केकला भ्याले न्हाई."

शरयूबाई परत खुर्चीवर टेकल्या. निमिषच म्हणाला, "मागच्या खोलीला वेगळं दार काढता येईल. केक तिकडं, सॉर्बे इकडं. हे यंत्र आईलाच राहू दे." त्याच्या बोलण्यात आज गोडवा नव्हता. त्यामुळं असेल, पण सुरेखाबाईंना पहिल्यांदा तो खरा वाटला.

"आन् फेस?" त्यांनी विचारलं. "तुमचं सॉर्बे वितळल्यावर फेस आला हुता. अंडं न्हवतं, तर फेस कुठनं आला?"

"चल, तुझ्यासमोर करते," ब्राह्मी म्हणाली. अजून रागातच होती.

निमिषनं शेजारच्या दुकानातून गर फिरवायला कोरा मिक्सर आणला. सुरेखाबाई स्टूल ओढून ओट्यालाच बसल्या. पाणी स्वतः गाळून घेतलं. साखरेचा डबा हुंगला, लिंबं हातानं पिळली. सॉर्बे फिरवायच्या मशीनचा डबा उघडून घेतला आणि आतून बाहेरून गरम पाण्यानं धुवायला लावला. शरयूबाई भिंतीला टेकून बघत होत्या, आणि सुरेखाबाईंचं हे बारीक बघणं पाहून हळूहळू त्यांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या.

"इतकं तर माझ्या सासूनंही कधी तपासलं नाही," त्या म्हणाल्या.

मशीन घरघरत राहिलं. उन्हं कलली. तयार सॉर्बेतला एक चमचा सुरेखाबाईंनी बशीत घालून खिडकीत ठेवला आणि समोर बसून राहिल्या. तो वितळला, तांबडं पाणी पसरलं, आणि त्यावर तसाच पांढरट फेस आला. फिरवताना गरात कोंडलेली हवाच ती, ब्राह्मी म्हणाली. बाईंनी बोटानं फेस पुसला, वास घेतला. स्ट्रॉबेरी, आणि दुसरं काही नाही.

"दिवस मावळायला अजून येळ हाय न्हवं?" त्यांनी विचारलं, आणि वाटी पुढ्यात ओढली.

पहिल्या घासाला दात खरंच ठणकले. मग जिभेवर बर्फ नव्हता, दूध नव्हतं, नुसतं फळ होतं, शेतातून उचललेलं, फक्त गार. वाटी रिकामी झाली तेव्हा शरयूबाईंनी न विचारता आणखी एक गोळा घातला, आणि सुरेखाबाईंनी नको म्हटलं नाही.

घरी गेल्यावर त्यांनी पायगोंडांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोन वाट्या खाल्ल्या, दोन उपास करतो. पर पोरगं चांगलं हाय." उपास केलेही. दुसऱ्या दिवशी त्यांची चिडचिड सगळ्या बागेला ऐकू गेली.

होळीच्या आसपास एका सकाळी दारात रिक्षा थांबली. शरयूबाई एकट्याच उतरल्या. ना फोन, ना निरोप. सुरेखाबाई पुढं होईपर्यंत त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, एकेक झाकण उचलून बघू लागल्या, फ्रिज उघडला, पाणी गाळायचं फडकं उचलून पाहिलं.

"आवं, हे काय?" सुरेखाबाई म्हणाल्या.

"काही नाही. वाईच्या मंडळींनी लग्नात बटाट्याची भाजी मागितली तर तुमच्याकडं ती शिजवायला एखादी जागा आहे का, ते बघायला आले."

"परसात चूल मांडून देते. भांडी तुमची."

"भांडी माझीच आणणार. तुमच्यावर कुणी विश्वास ठेवावा?" शरयूबाई म्हणाल्या आणि पाट ओढून बसल्या. "काही खायला द्या आधी. आणि काय काय घातलंय ते सांगून द्या."