मागचं डावं चाक

गॅरेजवाल्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, असा त्याचा खाक्या. मास्तरांची काळी गाडी आली तेव्हाही त्याने आधी खिशातली पट्टी काढली.

"मागचं डावं चाक घासतं," मास्तर म्हणाले. "वळणावर खर्र होतं. दोन गॅरेजं झाली, फरक शून्य."

मास्तरांच्या धाकट्या भावाने हौसेने आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली होती, वर मोठी चाकं. तो परदेशी गेला आणि हे लोढणं मास्तरांच्या गळ्यात पडलं.

"मोठी चाकं, छोटी जागा. घासणारच," फूटपट्टी म्हणाला. त्याने मडगार्डची आतली कडा गरम केली आणि हळूहळू आत वळवली. टायरला बोटभर जागा झाली. चक्कर मारली. पहिल्याच वळणावर खर्र.

डावी स्प्रिंग बसली असेल म्हणून त्याने मागच्या दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली. मग टायर ते मडगार्ड अंतर मोजलं. उजवीकडे सहा सेंटिमीटर, डावीकडे तीन. फरशीला उतार असेल म्हणून गाडीचं तोंड फिरवून लावली. तरी डावीकडे तीनच.

"डिकीत काही आहे?"

"नाही."

फूटपट्टीने डिकी उघडून पाहिली. रिकामी. मग काचेला कपाळ लावून आत डोकावला. मागच्या सीटचा डावा भाग दबलेला होता, कुणी बसल्यावर दबतो तसा. दुपारच्या लख्ख उन्हात त्याच्या अंगावर काटा आला. त्याने हात मागच्या डाव्या दाराकडे नेला.

"ते दार नको!" मास्तर ओरडले.

फूटपट्टी थबकला. मास्तर टायरांच्या थप्पीवर बसले आणि खाली बघत बोलू लागले.

"आई तिथे बसायची. चार महिन्यांपूर्वी तिला अचानक धाप लागली. मी गाडी दवाखान्याकडे घेतली. ती सारखी म्हणत होती, मला घरी ने. मी म्हटलं, हो आई, घरीच चाललोय. खोटं बोललो. वाटेतच गेली. दवाखान्यातल्या माणसांनी पलीकडच्या दाराने तिला बाहेर घेतलं. तेव्हापासून मी हे दार उघडलेलं नाही. आणि तेव्हापासूनच चाक घासतंय."

असल्या गोष्टींवर फूटपट्टीचा विश्वास नव्हता. पण तीन सेंटिमीटर त्याने स्वतः मोजले होते.

"मास्तर, घर किती लांब?"

"दहा मिनिटं."

"चला. मी बसतो पुढे."

तो डावीकडे बसला. मास्तरांनी गाडी काढली. प्रत्येक वळणावर खर्र, खर्र. आरशात सीट रिकामी दिसत होती. पण एका खड्ड्यात गाडी आदळली आणि फूटपट्टीच्या पाठीत, सीटच्या कापडातून, दोन गुडघे टेकले. त्याने श्वास रोखला. गुडघे मागे सरकले.

घरासमोर गाडी थांबली. मास्तर उतरले, वळसा घालून आले आणि त्यांनी मागचं डावं दार उघडलं. बिजागऱ्या कुरकुरल्या.

"आई," ते म्हणाले. "आलं घर. उतर सावकाश."

त्यांनी सवयीने हात पुढे केला. काहीच झालं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. मग मास्तरांचं मनगट एकदम खाली गेलं, भार पडल्यासारखं. गाडीची मागची बाजू हलकेच वर आली आणि दबलेली सीट फुगून सपाट झाली.

मास्तर फाटकाकडे निघाले. एकेक पाऊल, मध्ये थांबत, हात तसाच कोपरात वाकवलेला. पायरीशी त्यांनी वाट पाहिली, दोन वेळा. मग दार लोटून आत गेले.

फूटपट्टी बोनेटला टेकून थांबला.

अर्ध्या तासाने मास्तर बाहेर आले. डोळे सुजलेले, पण चेहरा निवळलेला. परतताना गाडी एकाही वळणावर घासली नाही. गॅरेजशी फूटपट्टी खाली उतरला.

"आता भावाला कळवू का, लहान चाकं बसवतो म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

"कशाला? टायरला जागा आहे आता," फूटपट्टी म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, "घरात... काही जाणवलं?"

"तिच्या खुर्चीत बसायला गेलो," मास्तर म्हणाले, "तर खुर्ची गरम होती."