फोटोतली करंगळी

या, बसा इकडे. पाय मोकळे सोडा. आज तुम्हाला एका करंगळीची गोष्ट सांगतो. हसताय काय? त्या करंगळीपायी एका भल्या माणसाची खोली जायची वेळ आली होती.

एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रेची खोली. दार असं जाड की ढकलताना खांदा लावावा लागे. दारावर लाल दिवा, आत यंत्र नि टेबल, आणि एका कोपऱ्यात जाड काच बसवलेला आडोसा. बटण दाबायचं ते त्या आडोशामागं उभं राहून. या खोलीत सव्वीस वर्षं एकच माणूस होता. सगळे त्याला फोटोमामा म्हणत. डॉक्टर बदलले, यंत्रं दोनदा बदलली, मामा तिथंच.

मामांना एक खोड होती. लहान पोराला टेबलावर झोपवलं की ते बोंब ठोकणार, लाथा झाडणार. आईच्या हातून ते निसटणार. फोटो हलला की पुन्हा काढा, म्हणजे पोराला पुन्हा किरणं. मामांना ते बघवायचं नाही. "आणा इकडे," म्हणायचे, स्वतःच पोराला गच्च धरायचे, आणि बटण दाबायला नर्सबाईला आडोशामागं पिटाळायचे. आणि अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा छातीवरचा बॅज? तो आधी काढून ड्रॉवरमध्ये. कारण त्यात आकडा चढला तर आपल्याला खोलीबाहेर काढतील, हे मामांना पक्कं ठाऊक. म्हणजे बॅज ड्रॉवरमध्ये सुरक्षित आणि मामा किरणांत! आहे की नाही गंमत?

दर तीन महिन्यांनी वरच्या ऑफिसातून एक बाई यायची. बॅज गोळा करायची, यंत्र तपासायची, किरणं अडवणाऱ्या शिशाच्या एप्रनला चिरा गेल्यात का बघायची. तिला सगळे मोजणीबाई म्हणत. चणीनं बारीक, पण नजर घारीची. या खेपेला तिनं नवीनच काढलं. वाया गेलेले सगळे फोटो बघायचे, कुठला का पुन्हा काढला ते शोधायचं.

सोमवारी दुपारी तिनं मामांना कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"मामा, हे बघा. पोराची छाती. कडेला हे काय दिसतंय?"

"काय? पोराचं असेल काहीतरी."

"पोराच्या छातीला बोट फुटलंय?"

बाईनं दुसरा फोटो लावला, मग तिसरा. एकोणीस फोटो, आणि प्रत्येकाच्या कडेला एकच करंगळी, शेवटच्या पेरात आत वाकलेली.

"कोणाची असेल हो?" बाई म्हणाली.

मामांनी हळूच हात टेबलाखाली घेतला.

"वर काढा तो हात."

काढला. लहानपणी दारात चेमटलेली करंगळी समोर आली. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

"पोराला दोनदा किरणं लागू नयेत म्हणून धरतो मी," मामा चिडून म्हणाले. "त्यात माझं काय जातं?"

"तुमचंच जातंय! पोराचा फोटो एकदा. त्याची आई धरेल तीही आयुष्यात एकदा-दोनदा. तुम्ही रोज पाच-सहा पोरं धरता, सव्वीस वर्षं. वर हात सरळ किरणांत. आणि बॅज तर कोराकरकरीत! कुठं असतो तो?"

मामांनी ड्रॉवरकडं बघितलं. बाईनंही बघितलं. पुढं बोलायची गरजच पडली नाही.

"ऐका," ती जरा मऊ झाली. "एकोणीस फोटो मी वर कळवणार, ते लपवणार नाही. पण शुक्रवारपर्यंत मी इथंच आहे. हात न लावता तुम्हाला पोरांचे फोटो काढता येतात असं दिसलं, तर तसंही लिहीन. नाहीतर तुम्ही वरच्या नावनोंदणीच्या खिडकीत."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. खिडकीत बसून नाव काय, वय काय? त्यापेक्षा यंत्राखाली झोपलेलं बरं.

मंगळवार, बुधवार मोठी माणसंच आली. गुडघे, मणके. गुरुवारी सकाळी दार ढकलून एक आजी आली, काखेत अडीच वर्षांचा नातू, मागं रडवेली सून.

"नट गिळलाय हो यानं!" आजी म्हणाली. "खेळण्यातला. एवढा!"

मामांनी आधी डॉक्टरची चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "आधी कुठं फोटो काढलाय?"

"नाही."

"बरं. धरणार कोण?"

"मी," सून पुढं झाली. "मीच धरणार."

"बाई, दिवसबिवस गेलेत का?"

"नाही," सून म्हणाली, पण म्हणताना तिचे डोळे सासूकडं गेले. मामांनी सव्वीस वर्षं माणसं बघितलेली. ते तिला आडोशामागं घेऊन गेले.

"पोरी, खरं सांग. इथलं इथंच राहील."

"दोन महिने," ती पुटपुटली. "घरात कोणाला सांगितलं नाहीये अजून."

"मग तू दाराबाहेर. लाल दिवा विझेपर्यंत आत यायचं नाही."

आडोशाबाहेर येऊन मामा आजीला म्हणाले, "आजी, हे पोरगं तुमच्या हातात गप राहील असं वाटतंय."

"राहीलच! त्याच्या आईला कुठं जमतंय!" आजी खूश. शिशाचा एप्रन अंगावर चढला तशी ती वाकली. "बाई गं, हा एप्रन आहे का दगड?"

मामांनी बॅज छातीला लावला. किरणं कुठं पडणार ते दाखवणारा यंत्राचा उजेड ओढून ओढून बारीक केला, हनुवटीपासून पोटापर्यंत, त्याच्याबाहेर बोटभरसुद्धा नाही. आजीला डोक्याच्या बाजूला उभं करून पोराचे हात वर धरायला लावले. पायावर पट्टा. मोजणीबाई काचेमागं हाताची घडी घालून उभी.

पोरानं सूर लावला. डोकं इकडं, कंबर तिकडं. आजीचा हात उजेडात घसरला. मामांचा उजवा हात आपसूक पुढं गेला. सव्वीस वर्षांची सवय ती, तिला काय ठाऊक शुक्रवार! एकदा आवळलं की काम फत्ते. पण मामांनी हात मागं घेतला, खिशात कोंबला.

"ए नटखाऊ," ते पोराला म्हणाले. "पोटात नट आहे ना? बघायचाय?"

पोर हुंदका गिळून बघायला लागलं.

"तो भित्रा आहे. तू हललास की लपतो. अगदी चिडीचूप राहा, म्हणजे बाहेर डोकावेल. आजी, हात वर, उजेडाबाहेर!"

मामा टुणकन आडोशामागं. पोरानं श्वास धरला, डोळे स्वतःच्या पोटावर. मामांनी बटण दाबलं.

कॉम्प्युटरवर नट दिसला, पोटात उतरलेला, कसा ठसठशीत. कडा स्वच्छ. मामांचं बोट नाही, आजीचंही नाही.

"पुन्हा काढायचा?" मोजणीबाईनं मुद्दाम विचारलं.

"कशाला? एकात सगळं आलंय."

एप्रन काढताना आजी मामांच्या कानाशी आली. "तिला बाहेर ठेवलंत ते बेस झालं. मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. ती सांगेल तेव्हा मी दचकणार आहे, सराव चाललाय."

डॉक्टर म्हणाले, नट आपल्या वाटेनं जाईल, लक्ष ठेवा. शुक्रवारी मोजणीबाईनं दोन्ही गोष्टी लिहिल्या, एकोणीस आणि हा एक. वरून उत्तर आलं, मामांच्या हातांची तपासणी करा, खोली त्यांच्याकडंच ठेवा, पण ड्रॉवरला कुलूप लावा. मामा आठवडाभर कुलपावर चिडले होते. खोलीतून मात्र हलले नाहीत.

तेव्हा एवढं ऐका माझं. फोटोवाल्यानं दिवस गेलेत का म्हणून विचारलं तर नाक मुरडू नका, खरं सांगा. आणि पोर तुमचं असेल तर एप्रन घालून तुम्हीच धरा. त्या बिचाऱ्याला काचेमागं जाऊ द्या.