आईच्या वयाची होताना

गाडी शिकवणाऱ्या बाईला शिकणारे सगळे पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत. तिच्या पायाखालीही एक ब्रेक होता आणि तो दाबायला ती कधीच मागेपुढे पाहत नसे.

त्या सकाळी मात्र पाय हललाच नाही. शिकायला आलेले निवृत्त मास्तर गाडी चौकाकडे नेत होते. अचानक तिच्या छातीतून गरम वाफ उसळली आणि कानांपर्यंत चढली. कपडे पाठीला चिकटले, काळीज धाडधाड उडायला लागलं. समोरचा लाल दिवा दिसत होता, पण पाय जागचा हलेना. शेवटी मास्तरांनीच गाडी थांबवली.

“बरोबर थांबलो ना मी?” त्यांनी विचारलं.

“अगदी बरोबर,” ती कशीबशी म्हणाली. “आज इथवरच पुरे.”

हे काही महिन्यांपासून चाललं होतं. पाळी कधी दडी मारायची, कधी लागोपाठ हजर. झोपेचं खोबरं झालेलं. ओठांवर आलेला शब्द ऐन वेळी गायब व्हायचा. नवऱ्याला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. तिची आई याच वयात, भाजी चिरता चिरता, हृदय बंद पडून गेली होती. त्यामुळे छाती धडधडली की तिला आधी सुरी हातातून पडल्याचा आवाज आठवायचा. आणि हे सगळं जिला विचारायचं, तीच नव्हती.

तिने मावशीला फोन लावला.

“ताईलाही अशीच वाफ यायची गं,” मावशी म्हणाली. तिला हायसं वाटणार, तोच मावशीचा आवाज खाली आला. “आम्ही सगळ्या म्हणालो, वयाचं आहे, जाईल. शेवटी शेवटी धाप लागायची, तीही त्यातच ढकलली. तू तसं करू नकोस. दाखवून ये.”

तिने दुसऱ्याच दिवशी नंबर लावला. दवाखान्यात छातीला तारा चिकटवल्या, रक्त घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत तिने मास्तरांची शिकवणी दोनदा पुढे ढकलली आणि घरात उगाच सगळ्यांवर खेकसली.

डॉक्टरबाईंनी कागद खाली ठेवले. “हृदय ठीक आहे, थायरॉईडही. पाळी जायच्या आधी शरीर असं गडबडतं. पण आईचा इतिहास आहे, तेव्हा बीपी आणि कोलेस्टेरॉल दर वर्षी बघायचंच. चहा कमी, सुती कपडे, रोज चालणं. तेवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, त्याबद्दल बोलू. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र लगेच यायचं.”

“म्हणजे मी मरत नाहीये?”

“या कारणाने नाही.”

भीती काही त्या दिवशी गेली नाही. वाफ आली की हात अजून आपसूक छातीवर जायचा. पण दुपारच्या रणरणत्या उन्हातल्या शिकवण्या तिने सकाळवर आणल्या. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो उठून पंखा तिच्या बाजूला वळवून आला.

जेवताना तिने लेकीलाही सगळं सांगायला घेतलं.

“आई, आत्ता? जेवताना?”

“हो, आत्ताच,” ती म्हणाली. “ऐक नीट.”

लेकीने घास खाली ठेवला.