आप्पांची दुसरी शोकसभा

नट गेला आणि ऑपरेटरला चेव चढला. चेवच म्हणायचं. दुःख असलंच तर कुठेतरी तळाशी असेल, वर दिसत होता तो नुसता तोरा. जुन्या थिएटरात त्याने उभी हयात मशीन चालवलं होतं, त्या नटाचा, म्हणजे साहेबांचा, एकूण एक सिनेमा आपल्या हाताने पडद्यावर सोडला होता. त्यामुळे साहेब गेल्यावर रडण्याचा पहिला मान आपला, अशी त्याची पक्की समजूत. थिएटर बंद पडून तिथे गाद्यांचं दुकान आलं, तरी लोक त्याला ऑपरेटरच म्हणत आणि तोही ते नाव मिरवत असे.

शोकसभा चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ठरली. साहेबांच्या पत्नी, सगळ्यांच्या बाई, स्वतः येणार, असं कळल्यापासून ऑपरेटरची फुगलेली छाती काही खाली बसेना. त्याला हवं तरी काय होतं? फार नाही हो. भरल्या सभेत बाईंनी एकदा म्हणावं, की साहेब खरे सिनेमातलेच, आणि त्यांना खरं ओळखलं ते ह्या माणसाने. बस. एवढ्यासाठी त्याने भाषण लिहिलं, आरशासमोर म्हटलं आणि बायकोला ऐकवून ऐकवून तिचे कान किटवले. ती शिवणकाम करायची. "हं" म्हणायची आणि काजं घालत राहायची.

सभेच्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्याचं डोकंच फिरलं. टेबलावर दोन फोटो! एक त्याने आदल्या दिवशी पोचवलेला. साहेब घोड्यावर, केस उडताहेत, डोळ्यांत अंगार. त्याला खेटून दुसरा. पांढरे केस, गळ्यात मफलर, हातात कपबशी.

"हा म्हातारा कुणी आणून ठेवला इथे?"

"आम्ही," दवाखान्यातली नर्स म्हणाली. तिच्यामागे बायकांचा ताफाच उभा होता. "आमचे आप्पा आहेत ते."

आप्पा! साहेबांनी उतारवयात एक मालिका केली होती, त्यातलं हे नाव. रोज संध्याकाळी लागायची, वर्षानुवर्षं चालली. त्यात ते एका घरातले प्रेमळ सासरे. ऑपरेटरने ती कधी धड पाहिली नाही, पण शिव्या मात्र न चुकता घातल्या.

"तो फोटो उचला. बाई येतील, त्यांना काय वाटेल?"

"बाईंना आप्पाच आवडतील," नर्स म्हणाली. "तुमचे ते घोड्यावरून घरी आले, तर घोडा बांधायचा कुठे?"

बायका फिदीफिदी हसल्या. ऑपरेटरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात एकीने भर घातली. मालिकेत आप्पा वारले, तेव्हा म्हणे ह्या बायकांनी ह्याच हॉलमध्ये शोकसभा घेतली होती, चहा-बिस्किटांसकट! "खरं रडू तेव्हाच रडून झालं हो," ती डोळे टिपत म्हणाली. "आता काय, उरलंसुरलं."

ऑपरेटरने कपाळावर हात मारला. ज्याने पडद्यावर एकट्याने अख्खी फौज लोळवली, त्याला ह्या बायांनी आधीच उरकून टाकला होता!

तेवढ्यात बाई आल्या. बारीकशा, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर लांबच्या प्रवासाचा शीण. दोन्ही फोटोंकडे त्यांनी सारख्याच कोरड्या नजरेने पाहिलं आणि पहिल्या रांगेत बसल्या. सगळे क्षणभर उभे राहिले. चष्मेवाल्याने, साहेब एकदा आपल्या दुकानावरून गाडीतून गेले होते, ही आठवण रंगवून सांगितली. आत वळून बघितलं होतं म्हणे. मग ऑपरेटरने माईक हातात घेतला.

सुरुवात झोकात झाली. घोडा झाला, फौज झाली. पण बायका जांभया द्यायला लागल्या, नर्स तर उघड उघड घड्याळ बघत होती. ऑपरेटर भडकला. हातातला कागद त्याने खिशात कोंबला.

"ह्या मालिकेने बायकांच्या डोक्याचा भुगा केलाय, भुगा! आमच्या घरचंच सांगतो. ते आप्पा रोज घरात शिरले की सुनेला विचारायचे, 'दुपारी जेवलीस का गं?' झालं! आमची ही शिवणातून मान वर काढून म्हणायची, 'हो आप्पा, जेवले.' टीव्हीला! आणि एखाद्या दिवशी जेवली नसली, की तोंड एवढंसं करून, 'नाही हो आप्पा, राहूनच गेलं.'"

पुरुष खदाखदा हसले. चष्मेवाल्याने मांडीवर थाप मारली. शेवटच्या रांगेत ऑपरेटरची बायको मान खाली घालून बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या माणसांत घरातली गोष्ट अशी उघड्यावर टाकायची असते का?

"मीही द्यायचे उत्तर," नर्स उभी राहून म्हणाली.

"मी पण," दुसरी म्हणाली.

"मी तर काय जेवले तेसुद्धा सांगायचे," तिसरी म्हणाली.

ऑपरेटरला तर आयतंच सापडलं. "बघा बाई, काय ही दशा! आता तुम्हीच सांगा ह्यांना, खरे साहेब कोण ते." आणि त्याने मोठ्या अदबीने माईक बाईंपुढे धरला.

"मीही द्यायचे उत्तर," बाई म्हणाल्या.

त्यांनी माईक ऑपरेटरच्या हातातून आपल्याकडे घेतला.

"घरी आले की हे आधी आरशासमोर. आज मी कसा दिसलो, लोक काय म्हणाले. घोड्यावर होते तेव्हाही तेच आणि मफलर आली तेव्हाही तेच. मी जेवले का, हे एकदाच विचारलं, संवाद पाठ करताना. मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाले, मध्ये बोलू नकोस, माझी लय तुटते." बाईंनी पिशवी मांडीवर सारखी केली. "तेव्हापासून मी टीव्हीसमोर बसायला लागले. तिथे माणूस बरा होता."

"पण बाई, सिनेमातले साहेब..."

"ते मी पाहिले नाहीत. मुलं लहान होती. घरी कुणीतरी थांबायला हवं ना?"

ऑपरेटरला राग बाईंवर काढता येईना, म्हणून तो शेवटच्या रांगेकडे वळून बायकोवर खेकसला. "अगं, पण तो नट होता! पगार घेऊन विचारत होता तो!"

बायको उठून उभी राहिली.

"ठाऊक आहे मला. मी काही वेडी नाही. पगार घेऊन का होईना, तो विचारायचा तरी. तुम्हाला पगार कुणी द्यायचा?"

आधी बाई हसल्या. मग नर्स, मग सगळा हॉल. बाई हसता हसता रडायला लागल्या. ऑपरेटरची बायको पुढे गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि तिने आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींचा हात धरून.

आणि ऑपरेटर? दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाद्यांच्या दुकानासमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, की काल माझं भाषण ऐकून साहेबांच्या बाईंना रडू आवरेना.