मातीच्या गाईचे दूध

मातीची गाय दूध देत होती आणि नाशिकजवळच्या मखमलाबादच्या वाटेवरची सगळी मळेकरी माणसे आ वासून तिच्याकडे बघत होती.

गाय चुन्याने रंगवलेली, डोळ्यांत काजळ, गळ्यात झेंडूची माळ. तिची पाठ ताडपत्रीच्या पडद्याला टेकलेली. पडद्याच्या आत महाराजांची ध्यानाची खोली, तिथे शिष्यांखेरीज कुणाला मज्जाव. क्षीरनाथ महाराजांनी घंटा वाजवली, शिष्यांनी कामधेनूचा गजर केला आणि गाईच्या आचळातून पांढरी धार तांब्यात पडू लागली. बायकांनी हात जोडले. पुरुषांनी टोप्या काढल्या. कापूर आणि वेलची यांचा वास मांडवभर पसरला.

"माउल्यांनो!" महाराजांचा आवाज लागला. "गेल्या भादव्यात गणरायाच्या मूर्तीनं चमच्याचमच्यानं साऱ्या देशाचं दूध घेतलं. घेतलं ना? अहो, देव कुणाचं ठेवून घेत नसतो! यंदा तो ते परत करतोय. बघा ही गाय. चरत नाही, लाथ मारत नाही, शेणसुद्धा टाकत नाही!"

"ते काम महाराज स्वतःच तोंडाने करताहेत," सुवर्णा पुटपुटली.

"गप गं!" तिची आई लंकाबाई तिच्या दंडाला चिमटा काढत म्हणाली. "इथं शाळा नाय तुझी."

सुवर्णा घोटीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गोकुळाष्टमीच्या सुट्टीला माहेरी आली, तर आईने तिला पिशवीसकट थेट मांडवातच आणले होते. तिथे ती हसायच्या तयारीने उभी राहिली. पण रांगेतून तिची वहिनी मोहिनी बाळाला घेऊन पुढे आली आणि सुवर्णाचे हसू जागच्या जागी विरले.

वैशाखात आखाजीला पाहिला तेव्हा स्वराज गुटगुटीत होता, कुणाच्याही बोटाला धरून खेचायचा. आता त्याचे हातपाय काड्या झाले होते, आणि पावले मात्र सुजलेली. तो रडतही नव्हता. महाराजांनी त्याच्या ओठांत दुधाचे चार थेंब सोडले, मोहिनीच्या हातात तांब्या दिला आणि डोक्यावर हात ठेवला. ते दूध स्वराजच्या हनुवटीवरून ओघळले.

"वहिनी, काय झालं गं याला?" घरी येताच सुवर्णाने विचारले.

"माझ्या दुधाला दृष्ट लागलीय, ताई." मोहिनी खाली बघून म्हणाली. "आषाढात त्याला जुलाब झाले. महाराजांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, आईचं दूध इख झालंय, तोंडाला लावू नको. तवापासून फक्त कामधेनूचं."

"दुसरं काहीच नाही? पेज, भात, डाळीचं पाणी?"

"नाय. दिवाळीपर्यंत व्रत हाय. मधी मोडलं तर मूल दगावंल म्हणाले."

"न मोडता दगावतंय ते दिसत नाही का तुला? दे इकडे. सिव्हिलला नेते त्याला. आत्ता!"

मोहिनीने बाळ छातीशी असे आवळले की सुवर्णाला हात मागे घ्यावा लागला. "ताई, पाया पडते तुमच्या. व्रत मोडून त्याला काय झालं, तर मी तोंड कुणाला दाखवू?"

सुवर्णाचा भाऊ मनोज दारात उभा होता. सकाळी गुलाबाची फुले बाजारात घालायची आणि दुपारी मांडवात सेवा करायची, असा त्याचा नेम झाला होता. तो म्हणाला, "सुवर्णे, तू परवा घोटीला जाशील निघून. निस्तरायचं आम्हाला हाय."

सुवर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडून उपयोग नव्हता हे तिला कळत होते, म्हणून ती जास्तच चिडली. धडधाकट, कष्टाळू, रोज बाजारात चार व्यापाऱ्यांना गुंडाळून येणारी ही माणसे, आणि एका भगव्या लुंगीवाल्याने त्यांना एवढेसे करून ठेवले होते!

ती मागच्या दाराने बाहेर आली, तर लंकाबाई गुलाबाच्या वाफ्यात वाकून काहीतरी ओतत होती. लेकीला बघताच तिने भांडे पदराआड घेतले.

"काय ओतलंस, आई?"

"काय नाय."

"दाखव."

भांड्याच्या तळाशी भुरकट साका होता आणि वर निळसर पाणी. लंकाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "दर एकादशीला मांडवात दह्याची हंडी भरत्यात. ज्याच्या घरी पाप नाय, त्याच्या घरी कामधेनूच्या दुधाला इरजण लागतं. समद्या बाया मडकी भरभरून नेत्यात. माझ्याच घरी लागंना बाई. काय पाप केलं मी?"

"मग तू हंडीला काय नेतेस?"

लंकाबाईने दारातून आत, स्वयंपाकघरातल्या फडताळाकडे नजर टाकली. तिथे घट्ट कवडीच्या दह्याचे मडके झाकून ठेवले होते.

"डेअरीच्या दुधाचं लावते," ती कुजबुजली. "कुणाला बोलू नको. उद्या अष्टमीची मोठी हंडी हाय."

सुवर्णाने भांडे नाकाशी नेले. कापूर, वेलची, आणि त्यांच्या खाली काहीतरी ओळखीचे. आत जाऊन तिने मोहिनीने आणलेल्या तांब्यातले ताजे दूध पातेल्यात ओतले आणि स्टोव्ह पेटवला. लंकाबाई किंचाळली, "अगं, त्याला आग दाखवायची नसती! महाराजांनी बजावलंय!"

"का बजावलंय ते बघू या."

दुधाला साय धरली नाही. ते तळाला लागू लागले, दाट झाले, कापूर उडून गेला आणि स्वयंपाकघरात उपासाच्या दिवसाचा वास दरवळला. लंकाबाईने स्वतःच्या नकळत म्हटले, "दाण्याची आमटी?"

"दाण्याचं दूध. शेंगदाणे भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. एवढीच ही कामधेनू."

पण लंकाबाईने मान हलवली. "मग बाकीच्यांच्या घरी त्याचं दही कसं लागतं?"

ते सुवर्णालाही उमगेना. तिने दाणे तेवढे भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मोठी हंडी होती आणि बायका रांगेने येऊन आपापल्या मडक्यातले दही तिच्यात घालत होत्या. ताटांत प्रसादाचे लाडू रचले होते. सुवर्णा मिक्सर, भिजलेले दाणे आणि वडिलांचे जुने धोतर घेऊन समोरच्या फुलाबाईच्या ओट्यावर बसली. फुलाबाई मळ्याशेजारची, तिच्या आईच्या वयाची. सुवर्णाने फुलाबाईच्या घरातल्या प्लगला मिक्सर जोडला. त्याच्या घरघरीने महाराजांचे भजन बुडाले, माणसे वळून बघू लागली.

तिने दाण्यांची साले चोळून काढली होती. पाणी घालून दाणे वाटले, धोतरात ओतले आणि पिळले. पातेल्यात पांढरेशुभ्र दूध पडले. तिने साखर, वेलची टाकली, कापराचा खडा कुस्करला आणि पेले भरले.

"प्या," ती म्हणाली. "आणि सांगा, याच्यात आणि कामधेनूत काय फरक आहे?"

दोन-चार जणांनी घोट घेतले. एकमेकांची तोंडे बघितली. "तसंच लागतंय," कुणीतरी हळूच बोलले.

महाराज मात्र मुरलेले होते. ते हसत हसत मांडवाच्या तोंडाशी आले. "वा, बाईसाहेब! छान पाणी केलंत. नक्कल कशाचीही होते. पितळ पिवळं दिसतं म्हणून सोनं होतं का? बघा ही हंडी! आमच्या दुधाचं दही लागतं, घरोघरी लागतं. लावा तुमच्या दाण्याच्या पाण्याला विरजण. बघू या लागतं का!"

मांडवात हशा पिकला. शिष्यांनी गजर केला. "मास्तरीण, घोटीची बस धरा आता!" एक जण ओरडला. मनोज मान खाली घालून बहिणीकडे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चल घरी. शोभा झाली तेवढी पुरे."

सुवर्णाने आईकडे बघितले. लंकाबाई रांगेत होती, कमरेवर डेअरीच्या दह्याचे मडके. तिच्या पुढे फक्त मोहिनी उभी होती आणि मोहिनीच्या खांद्यावर स्वराजची मान लुळी पडली होती. आता बोलायचे होते ते आईने, आणि ते बोलायचे म्हणजे भर गावासमोर आपल्या घरात पाप आहे असे कबूल करायचे. बत्तीस गुण असलेली सून आणि आज्ञेतला मुलगा मिरवणाऱ्या बाईला ते सोपे नव्हते. लंकाबाई हंडीपाशी पोचली. तिने मडके वर उचलले. आणि ते तसेच खाली जमिनीवर ठेवले.

"हे डेअरीचं हाय," ती म्हणाली.

"काय म्हणालात, माउली?" महाराजांनी विचारले.

"डेअरीच्या दुधाचं दही हाय म्हणलं! तुमच्या दुधाला माझ्या घरी कधीच इरजण लागलं नाय. एकदा बी नाय. पापी म्हणा, नायतर काय पण म्हणा. माझा नातू चाललाय माझ्या डोळ्यांसमोर."

मग ओट्यावरून फुलाबाईचा आवाज आला.

"माझं बी डेअरीचंच असायचं, लंके."

"आमचं म्हशीचं," दुसरी म्हणाली.

"मी तर बाजारातून आणते," तिसरी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली.

रांगेतली एकही बाई अशी निघाली नाही, जिच्या मडक्यात कामधेनूचे दही होते. प्रत्येकीने आपल्या घरचे नासलेले दूध गुपचूप ओतले होते, प्रत्येकीला वाटले होते की पाप फक्त आपल्याच घरात आहे, आणि प्रत्येकीने दुसरीचे मडके बघून महाराजांवर आणखी विश्वास ठेवला होता. महाराजांची हंडी या बायकांनी आपल्या लाजेने भरली होती. त्यांना स्वतः काही करावेच लागले नव्हते.

महाराज हात वर करून म्हणाले, "कलियुग! साऱ्या गावातच पाप..."

त्यांचे वाक्य पुरे झाले नाही. बायकांचे ऐकून मांडवात शिरलेला मनोज ताडपत्रीचा पडदा धरून उभा होता; इतकी सेवा करूनही त्याने तो कधी ओलांडला नव्हता. त्याने तो ओढला, तो दोऱ्यांसकट खाली आला. आत ना समाधी, ना आसन. उंच स्टुलावर बादली, बादलीतून सलाइनची नळी गाईच्या पोटात गेलेली, आणि नळीवरचे धार कमीजास्त करायचे चाक बोटांत धरून एक शिष्य बसलेला. शेजारी शेंगदाण्यांचे पोते, वाटायचे यंत्र आणि पिळायचे ओले फडके. परातीत चोथ्यात गूळ घालून लाडू वळायचे काम अर्धवट राहिले होते. तेच लाडू लोक डोळ्यांना लावून खात होते!

फुलाबाई ओट्यावरून उतरून महाराजांसमोर आली. "माझी नात सृष्टी याच दुधावर गेली," ती म्हणाली. "श्रावण लागला तवा गेली. तू म्हणालास, सुनेनं चोरून अंगावर पाजलं म्हणून गेली. मी तिला घरातून हाकलली रे. तिच्या पायावर डोकं ठेवून परत आणू का आता? का तू आणतोस?"

मनोजने आणि दोन मळेकऱ्यांनी महाराजाला दंडाला धरून खाली बसवले आणि एक जण पोलिसांना आणायला गेला. सुवर्णा त्यांच्यासाठी थांबली नाही. तिने बाळासकट मोहिनीला फुलांच्या टेम्पोत बसवले आणि सिव्हिल गाठले. यावेळी मोहिनीने अडवले नाही.

डॉक्टर तापट होते. स्वराजची सुजलेली पावले दाबून त्यांनी विचारले, "दूध म्हणून काय देत होता?" ऐकल्यावर ते म्हणाले, "दाण्याचं दूध मोठ्या माणसानं उकळून खुशाल प्यावं. घरी करावं, चांगलं असतं. पण तान्ह्या बाळाला हे कच्चं, पाणचट दूध आईच्या दुधाऐवजी? उपाशी मारत होता तुम्ही याला. आणखी थोडे दिवस, आणि माझ्या हातात काही राहिलं नसतं."

सलाइन लागले. संध्याकाळी स्वराज पहिल्यांदा रडला, आणि तो आवाज ऐकून लंकाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसली.

मोहिनी खाटेशी होती. तिने विचारले, "ताई, मग माझ्या दुधाला काय झालं होतं?"

"काही झालं नव्हतं, वहिनी. चांगलं होतं ते."

मोहिनीने पोटाशी धरलेला पदर तोंडात कोंबला आणि ती आवाज न करता रडत राहिली. तिचे दूध आटले होते. नर्सने सांगितल्याप्रमाणे ती पुन्हा पुन्हा बाळाला पाजायचा प्रयत्न करत राहिली. थोडेफार परत आले, पुरेसे नाही. स्वराज वाचला, वरच्या दुधावर आणि पेजेवर. क्षीरनाथ जामिनावर सुटला आणि नाशिकमधून नाहीसा झाला. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात आज त्याची गाय दूध देत असेल.

म्हणून हे तुम्हाला सांगायचे. तुमच्या गावात तो आला, तर गाईच्या पोटात काय आहे ते जरूर बघा. पण त्याच्याही आधी एक करा. तुमच्या घरात पाप आहे, तुमच्या दुधात दोष आहे असे कुणी म्हणाले, तर ते मनात दाबून रडत बसू नका. तडक शेजारणीच्या दारात जा आणि मोठ्याने विचारा, "बाई गं, माझ्याकडे नाही लागलं, तुझ्याकडे लागलं का?" मखमलाबादच्या वाटेवर हा प्रश्न एका बाईने श्रावण लागायच्या आधी विचारला असता, तर फुलाबाईची नात आज चालायला लागली असती.